खडूच्या फुल्या

गणपती यायला दोन दिवस, मंडपाचे बांबू अजून उघडेच.
दांडिया बाजारातल्या आमच्या बोळात
बाबा दोन भोंगे उभे करायचे
आणि दोघांतून एकच सूर सोडायचे, सपाट,
शाळेच्या घंटेचं शेपूट ओढून लांबवल्यासारखा.
इलियासच्या हातात वायर, माझ्या हातात खडू.
"आडवी चालत जा. जिथं मरेल तिथं फुली मार."

फरसाणवाल्याच्या फळीपाशी कान फुटायचे.
पाऊलभर पुढं, काही नाही.
इलियासची चप्पल ऐकू यायची, इतकं काही नाही.
आणखी पाऊलभर, पुन्हा कान.
ओट्यापासून ओट्यापर्यंत फुल्यांची रांग.

"इथं एकाची वाट दुसऱ्याहून हातभर लांब,"
बाबा दोन तळवे वरखाली करून दाखवायचे,
"हा वर जातो तेव्हा तो खाली.
बोलतायत दोघंही, बरं का.
गप्प कुणीच नाही."

एकदा मला फुलीवर उभं करून
त्यांनी डाव्या भोंग्याची वायर उपटली,
आणि आवाज आला.
एक कमी केला आणि आवाज आला!
नऊ वर्षांची मी. मला वाटलं हातचलाखी.

आरती सुरू झाली की फुल्या खोट्या पडायच्या.
गाण्यात सूर शंभर,
प्रत्येकाची मरायची जागा वेगळी.
बाबा चपलेनं खडू पुसून टाकायचे.

घरी आई गुजरातीत, बाबा मराठीत,
एकाच वेळी, एकाच गोष्टीवरून:
माझी फी, दुधाचा हिशेब, कनुमामाला दिलेले उसने.
मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर गणितं सोडवायचे.
तिथं मला काहीच ऐकू यायचं नाही.
मैत्रिणींना सांगायचे, आमचं घर फार शांत.

आईला जाऊन सव्वा वर्ष झालं.
परवा बडोद्याला उतरले,
बॅग ठेवली, चौथ्या पायरीवर टेकले,
आणि स्वयंपाकघरातून बाबा, लख्ख.
दूध उतू गेलं म्हणून रागावत होते,
स्वतःलाच अहोजाहो करत, तिच्या हेलात:
"ध्यान क्यां छे तमारुं?"

मी एक पायरी खाली सरकले.
मग आणखी एक.
सगळीकडे तेवढंच.