काळा चौकोन

वडगावात, मागच्या गल्लीत,
निंगाप्पा अष्टेकरांच्या सुताच्या गोदामावर
तीन कॅमेरे बसवले मी, ऐन मार्गशीर्षात.
दोन गठ्ठे गेले होते. कुलूप शाबूत.
अण्णा म्हणाले, डोकं असलेला कॅमेरा पायजे,
खर्चाचं तू बघू नकोस.

आठ दिवसांनी लॅपटॉप उघडला
तर यंत्रानं समोरच्या घराचीच वही भरलेली.
सुगंधा होसूरकर हे नाव त्याला माहीत नाही.
त्याच्या लेखी: बाई, वय अंदाजे सत्तेचाळीस,
रात्री एक चाळीस, दारात, बावीस मिनिटं.
संशयास्पद रेंगाळणं.
लाल चौकट.

दुसरी पाळी सुटते एकला.
मागांचा खडखडाट कानातून उतरेपर्यंत
ती उंबऱ्यावर बसते,
टाचांना खोबरेल लावते,
कधी नुसतीच बसते.
उंबरा तिचा, टाचा तिच्या,
रेंगाळणं मात्र आमच्या खात्यावर जमा.

चेहऱ्याला नाव द्या, यंत्र म्हणतं.
खाली रिकामी पट्टी लुकलुकते.
कुठल्या लिपीत देऊ?
माझ्या आज्याचं नाव रेशनकार्डावर एक,
मतदार यादीत दुसरं,
आणि एका वर्षी दोन्हीकडे तो नव्हताच.
याद्यांचं आम्हाला कुणी शिकवायला नको.
पट्टी रिकामीच ठेवली.

अण्णांना दाखवलं.
"बरं हाय की, गल्लीवर नजर राहते.
कोण येतंय, कोण जातंय, समजतंय."
मी बोललो नाही. आतला कॅमेरा लावला, दोन नंबरचा.
मंगळवार, पहाटे दोन दहा.
ओळखीचा चेहरा: मालक. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के.
सुताच्या थप्पीआड बसलेला, मांडीवर डबा.
हालचाल: उजवा हात, तोंड, उजवा हात.
डब्यात कुंदा आहे हे यंत्राला कळलं नव्हतं.
साखर तीनशेच्या घरात असलेल्या माणसाला कळलं.

बराच वेळ अण्णा पंख्याकडे बघत राहिले.
"हे घरी कुणाच्या फोनवर दिसतंय काय रे?"
वहिनींच्या. जोडून दे म्हणून तुम्हीच सांगितलेलं.
"त्या कोपऱ्यावर काय तरी घाल की."
घालतो. खरं, समोरच्या दारावर पण.
"आणि चोर तिकडनं आला तर?"
चोर रस्त्यानं येईल, अण्णा. रस्ता ठेवतो.

काळं नुसतं पडद्यावर ओढलं
तर खाली चित्र जिवंत राहतं,
किल्ली असलेला कुणीही ते सोलून काढतो.
म्हणून कॅमेऱ्याच्या पोटातच शिरलो,
तेवढा तुकडा भिंगापाशीच गळून पडेल असं केलं.
चेहरे ओळखणं बंद.
सात दिवसांनी सगळं आपोआप पुसलं जाईल.
चार टिंबं, चार रेघा.
ह्या भागात रेघा ओढणारे पुष्कळ होऊन गेले.
ज्याच्या दारावरून ओढली त्याला विचारून ओढलेली
एकही ऐकिवात नाही.
माझीसुद्धा नव्हती.

म्हणून संध्याकाळी गेलो. ती कांड्या भरत होती.
चौकोनाचं सांगितलं, दिवसांचं सांगितलं.
"म्हणजे आता ते मला बघुलालं नाही?"
नाही.
"आजवर बघुलालं होतं?"
होय.
"आणि तू?"

कांडी भरून संपली. तिनं दुसरी लावली.
मी चप्पल घालत होतो, घालतच राहिलो.

त्या रात्री ती दारात बसली की नाही
कुणास ठाऊक.
मला बघायची सोय नव्हती.