शिवडीचा डबा

छत्री एकच, तीही शशीची,
एका बाजूची काडी मोडलेली. ती बाजू माझी.
तिच्या पायात गमबूट, दोन नंबर मोठे,
आत मोज्यांवर मोजे.

कोडं तिनं पिशवीच्या आत पिशवीत ठेवलेलं,
रेशनकार्डासारखं:
'दर्ग्याकडे पाठ कर.
तोफ जिथून समुद्र बघायची, तिथून तू भिंत बघ.
सहावा दगड हसतोय. त्याच्या तोंडात हात घाल.'

'दगड हसतो म्हणजे काय गं?'
'फट असेल,' शशी म्हणाली,
जरा लवकरच.

ऑगस्ट संपत आलेला. कुणी वाट न पाहिलेला पाऊस,
उरलासुरला, रोजचा, वायसर गेलेल्या नळासारखा.
गोदीच्या रस्त्यावर ट्रक उभे, ताडपत्र्यांवर तळी.
एक ड्रायव्हर केबिनमध्ये कांदा चिरत
बघत होता, बघत नसल्यासारखा:
पन्नाशी उलटलेल्या दोन बायका
किल्ल्याच्या भिंतीला बोट लावून दगड मोजतायत.

हा खेळ इकडे कुणाला ठाऊक?
कुणीतरी डबा लपवतं. डब्यात वही,
आणि खोडरबर कोरून केलेला एक शिक्का.
त्याचा शिक्का आपल्या वहीत, आपला त्याच्या,
मग डबा जागच्या जागी.
'चोरालासुद्धा कंटाळा येईल,' शशी म्हणते.

माझा शिक्का किटलीचा. कोरताना विसरले
की सगळं उलटं उमटतं.
तोटी भलत्याच हाताला आली. राहू दिली.
एकतीस वर्षं बँकेचे शिक्के मारले,
हा एक माझा, चुकलेला.

सहावा दगड. शेवाळ, एक गोगलगाय.
दुसरीकडून सहावा. गुटख्याची पुडी,
आणि खिळ्यानं कोरलेलं 'पिंकी'.
खाली तिवरांच्या गळ्याशी भरती आलेली,
नवा पूल अर्धाच, पुढचा पावसानं खोडलेला.
'रोहित दिसतील का गं?'
'आत्ता कुठले. डिसेंबरात यावं लागतं.'

मी तिसऱ्यांदा चुकले तेव्हा
तिनं छत्री माझ्या हातात दिली,
वाकली, आणि न मोजता
कोपरापर्यंत हात भिंतीत घातला.

चकलीचा डबा. झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
आतली वही कोरडी, नवलच.
मी पाठ वाकवून तिच्यावर छप्पर केलं.
पानावर एक भोवरा. एक कंदील.
एकानं नुसता अंगठाच उठवलेला.
मग '११ डिसेंबर. आज रोहित आलेत,'
तिरक्या, घाईच्या, पुरुषी अक्षरात,
आणि खाली निवटी,
पंखांवर रेललेली, डोळ्यापाशी ब्लेड घसरलेलं.
शशीची निवटी. वर्षभरात सात वह्यांत
मी ती शेजारून पाहिलीय, एकटी.
इथं तिला खेटून, निळ्या शाईत,
एक खंड्या.

खंड्या खरं तर निवटी खातो.

मी गमबुटांकडे पाहिलं.
शशी समुद्राकडे बघत होती.
'सापडलं?' तिनं विचारलं,
आपण नव्हेच त्या डबा काढणाऱ्या अशा आवाजात.
'सापडलं,' मी म्हटलं. 'मस्त लपवलंय.'

मी पान उलटलं नाही.
तिथंच खाली जागा होती, दोन बोटं.
तिनं निवटी उठवली, आणि छत्रीच्या मोडक्या बाजूनं
एक थेंब टाकलाच. शेपटी विरघळली.
'असू दे,' म्हणाली, 'चिखलातच राहते ती.'
माझी किटली मात्र स्वच्छ आली,
तोटी उलटी, खंड्याच्या दिशेनं.

डबा आत गेला.
हात बाहेर यायला वेळ लागला.

परतताना ड्रायव्हरनं काच खाली केली:
'कुछ गिर गया क्या, मौसी?'
'नाही रे,' शशी म्हणाली, 'आहे तिथंच आहे.'
आणि पुढच्या वळणापर्यंत
डोळे पुसत, त्याच्या कांद्याला
शिव्या घालत राहिली.