पीळ

जूनमध्ये आमच्याकडे रात्र अशी होतच नाही,
त्यामुळे ती चारला उठली काय, तीनला काय, सारखंच.
आज दारात उभी, हातात ब्रश.
"मंगळवार ना आज?"
होता शनिवार. मी म्हटलं, मंगळवारच.

डॉक्टरबाईंनी कागद दिला होता,
त्यावर खेळ होते: रंगीत ठोकळे, प्राण्यांची चित्रं.
हिल्काने तो घडी घालून
बटाट्यांच्या टोपलीच्या तळाशी अंथरला
आणि वर बटाटे रचले, थोरले खाली, धाकटे वर.
तेव्हाच मला कळायला हवं होतं.
कळायला एक अख्खा हिवाळा गेला,
आणि त्या हिवाळ्यात मी तिच्या हातातून
सुरी काढून घेतली, इस्त्री काढून घेतली,
"तू बस गं, मी करतो" म्हणत
बसवून बसवून तिची खुर्ची केली.

आता ढकलगाडीत चिंध्यांच्या सतरंज्या,
पाइनचा साबण, काळसर, काकवीसारखा ओघळणारा.
कोत्काच्या धक्क्यावर हल्ली समुद्रात धुऊ देत नाहीत.
नगरपालिकेने लाकडी मेजं बसवलीत, नळ दिलेत.
दर वेळी ती पाण्याकडे बघते,
"समुद्र कुणी कुलपात घातला?"
दर वेळी मी सांगतो, नगरपालिकेने.
दर वेळी ती म्हणते, "मत देऊ नकोस त्यांना."
नाही दिलं मी.

मग साबणाचा वास सुटतो
आणि तिचा खांदा आपोआप पुढे येतो.
माझं नाव तिला एप्रिलपासून सापडत नाही.
पण काठाकडून आत घासायचं की आतून काठाकडे,
हे तिच्या हाताला कुणाला विचारावं लागत नाही.
(आतून काठाकडे. चुकलो तर ब्रश माझ्या मनगटावर बसतो.)

ही लांबडी सतरंजी तिनेच विणलेली, एकोणऐंशी साली,
घरातले जुने कपडे फाडफाडून.
एका निळ्या पट्टीवर तिचं बोट थांबलं.
"हा एका माणसाचा सदरा. चिक्कू मेला.
कॉलर विरली तरी टाकेना,
उलटी करून शिवून घेतली माझ्याकडून. दोनदा."
"मग?"
"मग काय. फाडला. चांगला होता."
सदरा की माणूस, ते मी विचारलं नाही.
फेस पट्टीवरून पुढे सरकला.

आमच्या घरात सतरंज्या पाचच.
सहावी राकेलची, सातवी-आठवी राकेलच्या बहिणीची.
स्वच्छच असतात त्या, मला माहीत आहे.
राकेल दारात ठेवते आणि म्हणते,
"फार मळल्यात हिल्का, मला नाही गं जमत."
खोटं बोलताना तिचे कान लाल होतात.

शेवटी पिळणं.
हँडलवालं रुळांचं यंत्र आहे तिथे, पण हिला ते मान्य नाही.
एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.
ती एकीकडे फिरवते, मी दुसरीकडे,
आणि एकोणऐंशी वर्षांच्या बाईचा जोर
ओल्या चिंध्यांतून माझ्या कोपरापर्यंत येतो.
सुंभ जळत चाललाय, दिसतंय मला.
पीळ आहे. आज तरी हाताला लागतोय.

"नीट धर! कुणाचा रे तू?
घरी काही शिकवलं नाही वाटतं."
"नाही शिकवलं," मी म्हणतो, आणि ते खरंच आहे.
चोपन्न वर्षांच्या संसारात
या धक्क्यावर मी कधी आलो नव्हतो.

बुटांत पाणी गेलंय.
आता पुरे म्हणून मी टोक खाली ठेवायला जातो.
"थांब," ती म्हणते, "अजून आहे यात."