वापर : इतर

डुलूथच्या नगरभवनात, दुसऱ्या मजल्यावर,
बांधकाम परवान्याच्या खिडकीशी मी बसतो.
पाटीवर नाव : कोऊ लोर. लोक ते दोनदा वाचतात.
सरोवरावरून वारा सुटला की
फायलींच्या कडा आपोआप वर होतात,
जणू प्रत्येकीला काही विचारायचंय.

फेब्रुवारीत आयला कांतोला आल्या.
वय एक्याऐंशी. बुटांवर रस्त्याचं मीठ.
पिशवीत नकाशा,
वाणसामानाच्या तपकिरी कागदावर
पट्टी न घेता काढलेला.
"परसातलं साउना जळालं," म्हणाल्या,
"होतं तिथेच, होतं तेवढंच उभं करायचंय."

मी पत्ता टाकला. पडद्यावर आलं :
राहतं घर, एक. गॅरेज, एक.
बाकी जागा मोकळी.
"बाई, तुमच्या परसात काही नव्हतंच."
"खरंय, आता नाहीच."
"आता नाही असं नव्हे. कधीच नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की खुर्चीतल्या खुर्चीत मी लहान झालो.

मग नियम सांगितला. सांगायचाच असतो.
नवं बांधकाम कुंपणापासून पाच फूट आत हवं;
जुनं असेल, आणि जुनं होतं हे सिद्ध झालं,
तर होतं तिथे चालेल.
त्यांचं होतं कुंपणापासून हातभर.
साडेतीन फूट सरकवलं तर मध्ये सफरचंदाचं झाड.
झाड तोडा असं अर्जात कुठेही लिहिलेलं नाही,
अर्थ तोच निघतो.

"पुरावा काय आणू?"
पावती, कराची नोंद, फोटो.
सासऱ्यांनी चौतीस साली बांधलं,
धक्क्यावरून उचलून आणलेल्या फळ्यांचं.
पावती कसली?
आणि फोटो? "तिथे आम्ही कपडे घालून जात नसू."
मागे रांगेतला प्लंबर हसला.
मी हसलो नाही. जवळजवळ.

गुरुवारी त्या परत आल्या,
चौकापलीकडच्या कचेरीतून,
जन्मनोंदणीची नक्कल घेऊन, शिक्क्यासकट.
रेइनो कांतोला, म्हणजे त्यांचे यजमान.
सन एक्केचाळीस, जानेवारी.
जन्मस्थळाच्या रकान्यात कुणा कारकुनाने
बाकदार अक्षरात लिहून ठेवलेलं :
घरामागील न्हाणीघर.

"गरम पाणी तिथेच, धुराने भिंती स्वच्छ,
सुईणीला आणखी काय हवं?
सासूबाई बर्फातून चालत गेल्या,
चालत परत आल्या, येताना हातात रेइनो."
मग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत :
"तीन वर्षांपूर्वी त्यांना शेवटची आंघोळही
मीच घातली, त्याच बाकावर.
त्याचा कागद मात्र नाही."

माझ्या वडिलांची नाळ
लाओसच्या डोंगरात, एका घराच्या
मधल्या खांबाखाली पुरलीय.
तो पत्ता टाकला तर काय येईल पडद्यावर?
हे मी बोललो नाही.
खिडकीतून बोलायच्या गोष्टी ठरलेल्या असतात.

वापर या रकान्यात चार पर्याय :
गोदाम, वाहन, कार्यशाळा, इतर.
मी इतरवर खूण केली.
यंत्राने विचारलं : स्पष्ट करा, वीस अक्षरांत.
बराच वेळ तो दांडा लुकलुकत राहिला.
मी लिहिलं : ये-जा.
यंत्राने ते निमूट घेतलं.

शर्ती वाचून दाखवल्या.
तिसरी : धूर ओळखणारी घंटा बसवणे बंधनकारक.
"साउनात?" त्या म्हणाल्या.
"साउनात," मी म्हणालो.
आता मात्र दोघंही हसलो,
इतकं की शेजारच्या खिडकीने पडदा सरकवला.

शुल्क एकशे बारा डॉलर.
त्यांनी सुटे मोजून ठेवले,
परवाना घडी करून तपकिरी कागदात घातला,
आणि उठल्या नाहीत.
"या खेपेला पावती द्या," म्हणाल्या,
"पुढे कुणाला तरी लागेल."