मधला दिवा

रुवैसच्या मागे खारट जमीन आहे, सबखा म्हणतात तिला.
तिथं गोटी टाकली तर ती बिचारी विचारात पडते, जावं कुठं.
म्हणून विश्राम तेरसेचं बोलणं
जेवणाच्या शेडमध्ये कुणी लगेच उडवून लावलं नाही.
"सपाट आसा," डाळीत खुबूस बुडवत तो म्हणाला,
"माका दिसता तां मी सांगतंय.
गोल आसती तर ह्यां पाणी सांडाक नको?"

दाऊद पांगारकर हर्णैचा, क्रेन चालवतो.
चाळीस मीटर वरून जग बघतो, त्यामुळे जरा चढेल.
म्हणाला, सांडायला खाली लागतं.
खाली म्हणजे काय, ते आधी सांग.
माझा हुक बघ, वारा पडला की ओळंब्यासारखा उभा.
कुणाच्या हुकमानं?
"जड आसा म्हणान."
जड कशानं?
"लोखंड आसा म्हणान."
आणि लोखंड कशानं जड?
इथं विश्रामनं दाऊदच्या खानदानाबद्दल एक शंका काढली
आणि आम्ही सगळे आपापल्या ताटात बघू लागलो.

पैज वीस दिरहमची.
मी सर्व्हेवाल्यांचा हेल्पर. नऊ वर्षं पट्टी धरून उभा आहे.
यंत्राला डोळा लावतो तो साहेब, त्याला दिसतो तो मी.
पण पेटीची चावी माझ्याकडे.

प्लांटला समुद्राचं पाणी आणणारा कालवा,
तीन किलोमीटर, नाकासमोर.
या टोकाला यंत्र, त्या टोकाला टेकराजची बॅटरी,
मध्ये माझी.
तिन्ही पाण्यापासून सारख्या उंचीवर, टेपनं मोजून, खुणेला तार बांधून.
मार्च संपत आला होता. पाणी गार, हवा तापलेली.
दोन्ही दिवे एका रेषेत दिसले.
विश्रामनं वीस दिरहम घेतले आणि सगळ्यांना चहा पाजला,
दाऊदला दोन वेळा.

दाऊद म्हणाला, अशा हवेत उजेड वाकतो.
"पृथ्वी वाकता, उजेड वाकता,
तुझ्या डोक्यात सरळ काय आसा?"
यावर दाऊद नऊ महिने गप्प होता.

डिसेंबरात पहाटे चारला पुन्हा गेलो.
आता पाणी कोमट, हवा बोचरी.
मी मध्ये, कानाला मफलर, बॅटरी तारेच्या खुणेवर.
मला काही दिसत नव्हतं. फोनवर नुसते आवाज.
आधी दाऊद ओरडला.
मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
मग विश्राम, बारीक आवाजात:
"मधल्यान हात वर केल्यान."

नव्हता केला. मधला दिवा वीतभर वर दिसत होता.
नऊ वर्षांत माझी अशी चौकशी पहिल्यांदाच झाली.

दीड किलोमीटर एकटा चालत परतलो.
वाटेत देवगडला फोन लावला. ती म्हणाली, इथं फटफटलं.
इथं मिट्ट काळोख.
दाऊदनं एकदा हिशेब करून दाखवला होता,
रुवैसचा ओळंबा आणि देवगडचा ओळंबा
यांच्यात एकवीस अंशांचा फरक.
म्हणजे ती विहिरीवर सरळ उभी, मी कालव्यावर सरळ उभा,
आणि डोकी एकमेकांपासून कललेली.
पाय तेवढे एकाच जागेकडे रोखलेले,
खाली, सहा हजार किलोमीटर,
जिथं दोघांपैकी कुणालाच जायचं नाही.
हे तिला सांगितलं नाही. पाण्याचं बिल आलंय म्हणाली.

वीस दिरहम विश्रामनं अजून परत केलेले नाहीत.
खांब त्यानं स्वतः मोजले, टेप उलटी धरूनसुद्धा.
काल खोलीत बत्ती मालवल्यावर
वरच्या बंकवरून त्याचा आवाज आला,
"पुढल्या वेळेक मधलो दिवो मी धरतंय."

धर म्हटलं.
बॅटरी जड आहे, हात भरून येतो.
आणि तिथून दोन्हीकडे नुसतं पाणी दिसतं,
सपाट.