लाटेचा विसावा भाग

फर्मागुडीच्या चढावर, टायरवाल्याच्या मागच्या खोलीत
मी काच घासते.
काचेवर काच, मध्ये काळ्या भुकटीचा चिखल,
सहा वेळा पुढे-मागे, मग पिंपाभोवती एक पाऊल.
अकरा आठवडे चालले अशी.
वडाला फेऱ्या घालून परतणाऱ्या शेजारणी हसल्या:
"सात जन्म हेंच पिंप गो?"

आरसा कॉलेजातल्या वाऱ्याच्या बोगद्यासाठी.
प्रियोळकर सरांच्या पोरांनी पंख केलाय,
फणसाच्या लाकडाचा, वीतभर.
पुढेमागे म्हणे तो दिवाडीहून रक्ताचे नमुने आणील
फेरीबोटीची वाट न बघता.
आधी त्याच्यावरून वारा कसा जातो ते दिसायला हवं,
आणि वारा दिसत नाही
माझ्या आरशाशिवाय.

चूक किती चालेल, मी विचारलं.
सर म्हणाले, प्रकाशाच्या एका लाटेचा विसावा भाग.
मी बेतुलची. लाट म्हटलं की मला
गुडघा आठवतो, कंबर आठवते.
तिचे वीस भाग करायला कोण उभं राहतं?
आणि हा विसावा बसण्याचा नव्हे, मोजण्याचा.

तपासणी रात्री. दिवा, पत्र्याला सुईचं भोक,
दाढीचं ब्लेड, आणि ब्लेडच्या धारेशी माझा डोळा.
काचेवर अंगठा टेकवायचा, दहा मोजायचे:
तेवढ्या उबेनं तिला टेंगूळ येतं,
डोंगराएवढी सावली पडते त्याची,
मग हळूहळू उतरते.
वाटेत हात धरला तर
बोटांवरून ऊब चढताना दिसते.
पाच वाती.

एका रविवारी इनासला आणलं, बेतुलचा, आमच्या कुंपणापलीकडचा.
ट्रॉलरच्या विंचनं त्याचा डावा हात नेला
त्याला तीन वर्षं झाली.
हात नेला, मूठ ठेवून गेला.
नसलेली नखं नसलेल्या तळव्यात रुततात,
पहाटे तीनला तो अंगणात फिरत असतो.

एवढा बारीक आरसा, म्हटलं, एकदा विचारून तर बघू.
ब्लेडमागे कॉलेजचा कॅमेरा लावला.
थोट्यावरून एकच जाड वात चढली.
पुढे काही नाही.
इनास पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला.
"आनीक घांस," म्हणाला, "उणें पडटा तुजें."

त्या रात्री मी खरंच वही काढून
आकडे पुन्हा तपासले.

बांबोळीला डॉक्टर आर्लेट मिनेझिस.
मेंदूच्या की मनाच्या, मला कळलं नाही,
दारावर दोन्ही पाट्या होत्या.
टेबलावर म्हापशाच्या बाजारातला आरसा,
प्लास्टिकची हिरवी चौकट, एका कोपऱ्यात उडालेला पारा,
नाक वाकडं दाखवणारा.
माझ्याकडे आला असता तर मी फोडलाच असता.

थोटा आरशामागे, उजवा हात पुढे.
बघ, म्हणाल्या, दोन हात आहेत.
दोन्ही मुठी आवळ. आता दोन्ही सोड.
रोज वीस मिनिटं.
पहिले काही दिवस तो मलाच शिव्या घालायचा.

एकोणिसाव्या दिवशी त्यानं श्वास अडवला.
"उगडली गो," म्हणाला, "मूठ उगडली,"
आणि तिथेच टेबलावर डोकं टेकून झोपला.
डॉक्टरांनी घड्याळ बघून वेळ लिहिली,
पंख्याचं बटण एकनं कमी केलं.
पुढच्या पेशंटला बाहेर बसवलं.

माझ्या वहीत आहे:
आरसा क्रमांक सात. चूक, लाटेचा बाविसावा भाग. पास.
त्याखाली पेन्सिलीनं:
म्हापशाचा आरसा. चूक,
आणि पुढचा रकाना कोरा,
एवढी मोठी चूक मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

पंख शनिवारी बोगद्यात गेला.
मागच्या कडेला वारा सुटत होता,
स्वच्छ दिसलं, केसांची बट सुटावी तसं.
पोरं ओरडली नाहीत, टाळ्याही नाहीत.
एकानं पटाशी शोधली.