बुटातला शिंपला

आरोसाच्या खाडीत ओहोटी लागली
की एके काळी माझे पाय आधी जागे व्हायचे,
मी मागून.
चिखलात उभं राहायचं, टाच जराशी फिरवायची,
खाली शिंपला असला तर तो सांगायचा: आहे.
रिकामा वेगळं बोलायचा, दगड वेगळं.
बत्तीस वर्षं केलं हे वाचन.
शाळेत मात्र चौथीपुढे गेले नाही.

सुरुवातीला म्हणायचे, पायांना मुंग्या आल्यात.
पण मुंग्या निदान निघून जातात,
साखर संपली की.
या राहिल्या. दोन हिवाळे राहिल्या.
मग त्याही गेल्या,
आणि आता घोट्याखाली कुणीच राहत नाही.

डॉक्टरांनी नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला.
"लागतंय का?"
मी धाग्याकडेच बघत होते.
अमारोच्या गळाची दोरी, अगदी तीच जाडी,
दातांनी तोडायचा तो.
"लागतंय का, ओब्दुलिया?"
"कुठे?"
मग नादकाटा वाजवून घोट्याच्या हाडावर ठेवला.
ऐकू आला.
कानांनी.

म्हणाले, शरीर स्वतःलाच परकं समजायला लागलंय.
म्हणजे कुंपणानंच शेत खायला घेतलं.
आधी डोळ्यांतलं पाणी खाल्लं, मग तोंडातली लाळ,
आता नसांपर्यंत आलंय.
रडायचं म्हटलं तरी आधी बाटलीतले थेंब घालावे लागतात,
आणि ते घालेपर्यंत
रडायचं कशासाठी होतं तेच विसरायला होतं.

पहिल्यांदा पडले ती चर्चच्या पायरीवर,
चांगल्या कपड्यांत, सगळ्यांदेखत.
मग न्हाणीत.
मग स्वयंपाकघरात, मसुराच्या डब्यासकट.
मी आणि मसूर
बराच वेळ एकाच पातळीवर होतो.
पुढचं मी मोजत नाही. सून मोजते, साबेला,
औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरवर तांबड्या पेन्सिलीनं.
त्याच पेन्सिलीनं मी भरतीच्या वेळा लिहायचे.

पडताना भीती वाटत नाही, वेळच नसतो.
भीती रात्री, दिवा लागण्याआधी.
अंधारात पायांना ठाऊक नसतं ते कुठे आहेत,
डोळ्यांनी बघून सांगावं लागतं:
हा डावा. हा तुझाच.

इरिया उठायला शिकवते. आधी कूस. मग कोपर.
मग गुडघे, मग खुर्ची.
"होडी रंगवायला कशी कलती करतात, तशी," म्हणते.
तेवीस वर्षांची पोर,
मला होडी समजावते.

मंगळवारी बाजार केला, बँकेत रांगेत उभी राहिले,
अमारोच्या थडग्यावरचं शेवाळ खरवडलं.
रात्री मोजा ओढला तर लाल.
बुटात शिंपला.
अर्धा, नखाएवढा, धारेचा.
दिवसभर तो टाचेखालून सांगत होता: आहे, आहे, आहे.
कुणाची माफी मागावी कळेना,
पायाची की त्याची.

तरी खाडीवर जाते. उलट्या बादलीवर बसते.
बायका काढून आणतात, मी माप लावते,
लहान असतील ते परत पाण्यात.
बोटांच्या टोकांनाही आता माप नीट लागत नाही.
हे अजून साबेलाला सांगितलेलं नाही.

परवा उठताना काठी रुतली आणि मी आडवी.
दोरिंदा चार हातांवर, कमरेत वाकलेली,
मानही वर न करता म्हणाली,
"भरतीला पाऊण तास आहे. तोवर ऊठ."
चिखल गार होता. गालाला कळलं.
गालाखाली काहीतरी टणक लागलं,
आणि छातीत एकदम जुनं काहीतरी हललं: आहे!
बोटांनी उकरून डोळ्यांपाशी धरलं.
दगड.

गालाला अजून वाचता येत नाही.
मग आधी कूस.
मग कोपर.